डावीकडे झुकलेला ट्रेलर: घ्यावा की इसार सोडावा?

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी आणि माझे यजमान नागपूरच्या मनीषनगरला राहतो. हे बँकेतून निवृत्त झाले, माझी शाळेतली नोकरीही एप्रिलमध्ये संपली. आता दोघांनी फिरायचं ठरवलंय. माझ्या नणंदेच्या दिरांकडे गाडीमागे जोडून ओढायचा एक कॅराव्हॅन ट्रेलर आहे. दोन चाकांचा, साधारण १४ फूट लांब. आत दोघांची झोपायची सोय, ओटा, छोटं न्हाणीघर. त्यांनी तो बाहेरगावच्या एका कारखान्यातून बांधून घेतला होता. गेले तीन पावसाळे तो हिंगणा रोडच्या त्यांच्या प्लॉटवर उघड्यावर उभा आहे. साडेसहा लाख सांगितले, आम्ही ५० हजार इसार दिला, बाकीचे दसऱ्याला द्यायचे आहेत. मागच्या रविवारी नीट पाहिलं तर ट्रेलर डावीकडे झुकलेला वाटला. ह्यांनी टेप लावला, तर डावी बाजू उजवीपेक्षा ४ सेंटिमीटर खाली. भाऊजी म्हणाले, 'काही नाही हो वहिनी, टाकी न् ओटा त्या बाजूला आहे ना, सगळे ट्रेलर असेच राहतात.' कपाटाची दारं आपोआप उघडतात. आमच्या गाडीला जोडल्यावर तोंडही खाली जातं. मनाला पटत नाही, पण व्यवहार नात्यातला. मिस्त्री नेला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. काय करावं?"

ताई,

बाकीचे पैसे आत्ता देऊ नका, आणि व्यवहार मोडायचीही घाई करू नका. ४ सेंटिमीटरचा कल हा ट्रेलर नाकारण्याइतका मोठा दोष असेलच असं नाही. पुष्कळदा तो दोन दिवसांत आणि परवडेल एवढ्या खर्चात निघतो. मला काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या एका वेगळ्याच वाक्याची, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय: तीन पावसाळे उघड्यावर. ट्रेलर एका बाजूला झुकून उभा असतो तेव्हा छपरावरचं पाणीही त्याच बाजूला जातं आणि तिथेच साचतं. म्हणून कल आणि ओल या दोन गोष्टी वेगळ्या धरू नका. कल कुठून आला ते शोधायचं, आणि त्याच कोपऱ्यात ओल किती मुरली आहे तेही बघायचं.

आधी टाकीचा मुद्दा, कारण तो अर्ध्या तासात निकाली निघतो. अशा ट्रेलरमधली टाकी बहुतेक ८० ते १०० लिटरची असते, म्हणजे भरली तर शंभरेक किलो. एका कडेला एवढं वजन ठेवलं तर पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पानांच्या कमानी, किती कडक आहेत त्यानुसार ती बाजू एखाद सेंटिमीटर, फार तर दीड सेंटिमीटर बसेल. चार नाही. तसंही तीन वर्षं उभ्या असलेल्या ट्रेलरची टाकी भरलेली असण्याचं कारण काय? टाकी रिकामी करा, गॅसचं सिलिंडर बाहेर काढा, ओट्याखालची भांडीकुंडी काढा आणि पुन्हा मोजा. कल जवळपास तेवढाच राहिला तर टाकीचा विषय संपला.

मात्र हे मोजमाप त्या प्लॉटवर करू नका. हिंगणा रोडकडची जमीन काळी, आणि या दिवसांत ती ओली. एक चाक मातीत दोन बोटं रुतलं तरी टेप तेवढं कमीच दाखवतो. ट्रेलर ओढून सिमेंटच्या पक्क्या फरशीवर आणा. एखाद्या अपार्टमेंटचं पार्किंग किंवा ओळखीच्या गोदामाचं अंगण चालेल. दोन्ही टायरमध्ये हवा सारखी भरून घ्या. मग मापं घ्या, आणि ट्रेलर उलट तोंडाने फिरवून, चाकं त्याच दोन जागांवर आणून पुन्हा घ्या. पहिल्या वेळी डावी बाजू खाली होती आणि फिरवल्यावर उजवी खाली आली, तर दोष फरशीचा. दोन्ही वेळा डावीच खाली राहिली, तर ट्रेलरचा. चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कुणीही खाली वाकू नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली तर हातसुद्धा घालू नये.

आता मुख्य काम. तुमच्या यजमानांनी जमिनीपासून बॉडीच्या कडेपर्यंत एकच माप घेतलं असावं. त्यातून कल आहे एवढंच कळतं, कुठून आहे ते कळत नाही. त्याऐवजी डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मापं घ्या. पहिलं, फरशीपासून अॅक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, नळीपर्यंत. दुसरं, अॅक्सलच्या नळीपासून चासीच्या (खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) खालच्या कडेपर्यंत, अगदी पाट्याजवळ. तिसरं, चासीपासून बॉडीच्या तळापर्यंत. ही सहा मापं कागदावर लिहिली की कल कुठल्या मजल्यावर शिरला ते समोर दिसतं.

पहिल्या मापात फरक आला तर टायर बघा. दोन बाजूंना दोन वेगळ्या साइजचे टायर बसवलेले मी बऱ्याचदा पाहिलेत. एक पंक्चर झाला, गावात त्या मापाचा मिळाला नाही, जवळच्या मापाचा चढवला आणि मग तोच राहिला. टायरच्या कडेवर साइज छापलेली असते, दोन्हीकडची वाचा. तिथेच चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. उभ्या ट्रेलरच्या टायरची नक्षी कोरी दिसते, पण त्याचं रबर आपल्याकडच्या उन्हात कडक होतं आणि बाजूला बारीक भेगा पडतात. पाच-सहा वर्षांच्या पुढचे टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदलायचेच, असं धरून भावातून ती रक्कम वजा करा.

दुसऱ्या मापात, म्हणजे अॅक्सल आणि चासीच्या मधे फरक आला, तर दोष पाट्यांत. तुमच्या बाबतीत मला हीच शक्यता जास्त वाटते. टॉर्च घेऊन डाव्या चाकामागे बघा. पाट्यांची कमान उजवीइतकी वर उचललेली आहे का, की सपाट झाली आहे? ट्रेलर वर्षानुवर्षं एकाच जागी उभा राहिला आणि वजन एका बाजूला जास्त असलं तर त्या बाजूचे पाटे बसतात. एखादं पान तुटलेलंही असतं, आणि तुटलेल्या जागी गंजाची ताजी केशरी रेघ दिसते. मधल्या सेंटर बोल्टकडे नीट पाहा. त्याचं डोकं अॅक्सलवरच्या भोकात बसलेलं असतं. बोल्ट तुटला की अॅक्सल त्या बाजूला पुढे किंवा मागे सरकतो आणि पाटा वाकडा दाब घेऊ लागतो. शॅकलचे, म्हणजे पाट्याच्या टोकाला धरणाऱ्या हलत्या कडीचे, बुश झिजले असतील तर शॅकल आडवा पडलेला दिसेल.

आणि जिथे मिस्त्रीही पुष्कळदा बघत नाहीत तिथे बघा: पाटा अडकवायचा लोखंडी कान, म्हणजे हँगर, चासीला जिथे वेल्ड केलाय तिथे. छोट्या कारखान्यांत बांधलेल्या ट्रेलरची चासी बहुधा चौकोनी पोकळ पाइपची असते आणि वजन वाचवायला पाइपचा पत्रा पातळ घेतलेला असतो. हँगर थेट त्या पातळ पत्र्यावर वेल्ड केला, खाली जाड पट्टी घातली नाही, तर प्रत्येक खड्ड्याला हँगर पाइपचा तळ थोडा थोडा आत दाबत जातो. बोट फिरवा. हँगरच्या मुळाशी पत्रा आत गेलेला लागेल, रंगाला केसासारख्या चिरा दिसतील. पाटे चांगले असूनही ती बाजू खाली बसते ती यामुळे. हे सापडलं तर प्रकरण पाट्यांच्या पलीकडचं आहे. तिथे पाइप कापून, आत-बाहेर आधार देऊन पुन्हा वेल्ड करावं लागतं आणि ते दोन्ही बाजूंना करावं लागतं, कारण उजवीकडेही कारागिरी त्याच हाताची आहे.

पाटे बसलेत एवढंच निघालं तर वाडीला किंवा कापसीकडे ट्रकचं काम करणारे कमानीवाले आहेत, त्यांचा हात या कामात बसलेला आहे. पण एक सांगून ठेवते. ते लगेच म्हणतील, "ताई, डावीकडे एक पान वाढवून देतो, उचलून येईल." नको म्हणा. एका बाजूला पान वाढवलं की उभा असताना ट्रेलर सरळ दिसतो, पण रस्त्यावर डावं चाक कडक आणि उजवं मऊ चालतं आणि प्रत्येक वळणावर ते जाणवतं. पाटे बदलायचे तर जोडीने. दुसरं, ट्रकच्या सवयीने ते जाड पाटे सुचवतील, "कधी बसणार नाहीत" म्हणतील. ट्रक दहा टन उचलतो, तुमचा ट्रेलर टनाच्या आसपास. हलक्या ट्रेलरला ट्रकचे पाटे घातले तर खड्ड्याचा सगळा मार बॉडीला बसतो: रिबिटं सैल होतात, खिडक्यांच्या चौकटी हलतात, कपाटांचे बिजागर निखळतात. मूळ पाट्यांची जाडी, रुंदी आणि पानांची संख्या लिहून घ्या आणि तशीच जोडी मागा.

खाली पाटे दिसलेच नाहीत, नुसती एक चौकोनी नळी आणि तिच्या दोन टोकांना चाकाचे हात दिसले, तर तो रबरावर चालणारा टॉर्शन अॅक्सल. त्या नळीच्या आत रबराच्या दोऱ्या दाबून बसवलेल्या असतात. ते रबर एकदा बसलं की उचलत नाही आणि वेगळं बदलताही येत नाही. पूर्ण अॅक्सलच बदलावा लागतो, म्हणून तिथे भावाचं गणित एकदम बदलतं.

तिसऱ्या मापात, चासी आणि बॉडीच्या मधे फरक आला, तर बॉडीच चासीवर वाकडी बसवलेली आहे, नाहीतर मधलं लाकूड कुजून दबलंय. पहिलं असेल तर ते जन्मजात आहे. दिसायला खटकेल, पण रस्त्यावर त्याचा त्रास कमी. दुसरं असेल तर मी हा ट्रेलर घेऊ नका असंच सांगेन.

मापं घेतोच आहात तर अजून एक घ्या. पुढे गाडीमागच्या जोडाच्या गोळ्यावर बसणाऱ्या कपलरच्या मध्यापासून डाव्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप ताणा, मग उजव्या चाकाच्या मध्यापर्यंत. दोन्ही लांब्या सारख्या हव्यात. एक सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर अॅक्सल तिरका बसलाय. असा ट्रेलर गाडीच्या मागे सरळ येत नाही, एका बाजूला सरकत येतो आणि टायर खातो. टायरची आतली किंवा बाहेरची एकच कड झिजलेली असेल तर अॅक्सल वाकलाय असं समजा. वाकलेला अॅक्सल तापवून सरळ करून देणारे भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका. तापवल्याने लोखंडाची ताकद जाते, आणि तो पुन्हा वाकेल तो समृद्धीवर ८०च्या वेगात, दारात उभा असताना नाही.

जोडल्यावर तोंड खाली जातं असंही तुम्ही लिहिलंय. ते दोन कारणांनी होतं. एकतर तुमच्या गाडीचा गोळा ट्रेलरच्या कपलरपेक्षा खालच्या उंचीवर आहे, नाहीतर पुढे वजन फार आहे आणि गाडीचं बूड दबतंय. ट्रेलर वेगळा उभा करून, चासी पाणसळीत आणून कपलरची उंची मोजा आणि गाडीच्या गोळ्याची मोजा. उंचीचाच फरक असेल तर गाडीमागचा जोड, म्हणजे हिच, वर-खाली करून घेता येतो. वजनाचं मात्र तोलून बघायला हवं. कपलरखाली घरातला वजनकाटा आणि त्यावर भक्कम लाकडी ठोकळा ठेवला तरी तोंडाचं वजन कळतं, पण काट्याची मर्यादा आधी बघा. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन तोंडावर ठेवायची पद्धत आहे, युरोपात ५ ते ७ टक्के. तिकडचे ट्रेलर आणि त्यांचा वेग वेगळा, म्हणून आकडेही वेगळे. तुम्ही हिचवरच्या पट्टीवर आणि गाडीच्या पुस्तकात जी मर्यादा लिहिली आहे तिच्या आत राहा. तोंड जड असेल तर सामान अॅक्सलच्या वर आणा. तोंड हलकं करायच्या नादात सामान पार मागे मात्र टाकू नका. मागे जड झालेला ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो, आणि ते झोके एकदा वाढले की गाडीलाही सोबत फिरवतात.

मापं झाली की कळमन्याकडे निघा. धान्य बाजारामुळे त्या भागात धरमकाटे पुष्कळ आहेत. आधी पूर्ण ट्रेलर तोला, मग फक्त डावं चाक काट्यावर आणि उजवं बाहेर समतल जमिनीवर ठेवून, मग उलट. ट्रकचा काटा बारीक फरक दाखवणार नाही, पण डावीकडे शंभर-दीडशे किलो जास्त असतील तर ते दिसेलच. ओटा, टाकी, फ्रिज, बॅटरी सगळं एकाच बाजूला बांधलेलं असणं हा या कारागिरांचा नेहमीचा दोष आहे. आखणी करताना ते खोलीचा विचार करतात, चाकांचा करत नाहीत. यावर उपाय सोपा आहे: बॅटरी आणि इन्व्हर्टर उजव्या पलंगाखाली हलवा. आणि हे पाटे बदलायच्या आधी करा, नाहीतर नवे पाटेही दोन वर्षांत डावीकडे बसतील.

काट्यावर ७५० किलोच्या वर आकडा आला, आणि येईलच, तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का ते विचारा. युरोपात त्या वजनापुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आणि ते योग्यच आहे. टनभर वजन मागून ढकलत असताना फक्त गाडीच्या ब्रेकवर भरवसा ठेवून मी तुम्हाला चिखलदऱ्याच्या घाटात जा म्हणणार नाही.

आता ओल. ही माझ्या मते तुमच्या व्यवहारातली सगळ्यात महाग गोष्ट आहे.

बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा चकचकीत दिसतो, पण बहुतेक अशा बॉडीत पत्र्याच्या आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि आतून प्लाय असतो. जोडांवर सीलंट भरलेलं असतं. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो, फुगतो, रात्री आकसतो, आणि त्या ओढाताणीत सीलंट सुकून फाटतं. फट केसाएवढी असते. मग जूनमध्ये पाऊस लागतो, त्या फटीतून पाणी आत जातं आणि पत्रा-प्लायच्या मधे अडकतं. वाळायला वाव नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात फट रुंद होते, दुसऱ्या पावसाळ्यात अजून पाणी. असे तीन फेरे तुमच्या ट्रेलरने काढलेत, आणि तेही डावीकडे झुकून.

पाऊस अजून पुरता गेलेला नाही, हे तुमच्या बाजूचं आहे. जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी जा. दार उघडल्या उघडल्या आधी वास घ्या. बंद ओल्या लाकडाचा वास उदबत्ती लावूनही जात नाही. लावलेली असेल तर तीही मी खूण समजेन. मग डावीकडच्या कोपऱ्यात, ओट्याखालचं कपाट रिकामं करून, गुडघ्यावर बसा आणि अंगठ्याने प्लाय दाबा. चांगला प्लाय अंगठ्याला दाद देत नाही. दबला, पापुद्रा सुटला किंवा काळपट डाग दिसला तर तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवा. सहज आत गेलं तर लाकूड संपलंय. दाराच्या उंबऱ्यापाशी पाय देऊन बघा, फरशी लवते का. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, छताला पंखा किंवा एसीसाठी कापलेल्या भोकाभोवती आणि मागच्या दिव्यांच्या आतल्या बाजूला हेच करा. तुम्ही आत हे करत असताना यजमानांना बाहेरून पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करत फिरायला सांगा. भरीव आवाज एकदम पोकळ किंवा बोदा झाला की खडूने खूण करा. आतल्या आणि बाहेरच्या खुणा एकाच जागी जुळल्या तर पुढे काही विचारायला नको.

दोन गोष्टींनी फसू नका. आतून नवा वॉलपेपर किंवा सनमायका फक्त एकाच भिंतीला लावलेला असेल तर ती भिंत आधी तपासा. आणि बाहेर जोडांवर जुन्याच सीलंटवर पांढरं सिलिकॉन जाड थापलेलं असेल तर ती दुरुस्ती धरू नका. जुनं पूर्ण खरवडून, जागा कोरडी करून, मग नवं भरतात. वरून थापलेलं सिलिकॉन आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं.

कोपरा हातभर कुजलेला असेल तर चांगला सुतार तेवढा पत्रा सोडवून लाकूड बदलून देईल. कूज फरशीपर्यंत किंवा छताच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत गेली असेल तर तुम्ही साडेसहा लाखांत एक चासी आणि चार खिडक्या विकत घेताय. तिथे इसार गेला तरी चालेल, पण मागे फिरा.

गॅसचं थोडक्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं, कायम मोकळं भोक हवं आणि तो कप्पा झोपायच्या खोलीपासून पूर्ण बंद हवा. नळीवर छापलेली मुदत वाचा. वायरिंग बघायला इलेक्ट्रिशियन न्या. ते मी इथून सांगू शकत नाही.

कागदपत्रांत एक गोष्ट लोक हमखास विसरतात. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची स्वतःची नोंदणी, स्वतःचं आरसी आणि स्वतःचा विमा लागतो, गाडीच्या नंबरावर भागत नाही. आरसीवरचा चासी नंबर आणि लोखंडावर कोरलेला नंबर स्वतः डोळ्यांनी ताडून बघा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतील. नोंदणी बाहेरच्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची ना हरकत, म्हणजे फॉर्म २८. आणि नोंदणीच झालेली नसेल, 'घरगुतीच आहे, कोण विचारतं' असं उत्तर आलं, तर बाकीची मापं घ्यायचे कष्ट घेऊ नका.

आता तुम्हाला खरं टोचतंय ते: नातं.

ताई, तपासणी केल्याने नातं बिघडत नाही. पैसे देऊन, तीन महिन्यांनी फरशी खचल्यावर, नणंदेच्या घरच्या सत्यनारायणाला एकमेकांसमोर बसायची वेळ आली म्हणजे बिघडतं. तेव्हा ते म्हणतील तुम्ही बघून घेतलंत, तुम्ही म्हणाल तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मधे नणंद भरडली जाईल. भाऊजी मुद्दाम लपवतायत असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्यांनी ट्रेलर बांधून घेतला, थोडा वापरला, उभा केला. टाकीमुळे कल आहे हे त्यांना कारागिराने सांगितलं असेल आणि त्यांनी ते मानलं असेल. त्यांनाही खरं कारण कळलं तर हवंच असेल, कारण तुम्ही नाही घेतला तरी त्यांना तो कुणाला तरी विकायचाच आहे.

म्हणून हा निरोप नणंदेकरवी पाठवू नका. तुम्ही किंवा यजमानांनी थेट भाऊजींना फोन करा आणि सरळ सांगा: "भाऊजी, आम्ही दोघंही साठीच्या घरातले, हा ओढत लांब जाणार. त्याआधी एकदा काट्यावर नेऊन, मिस्त्रीला दाखवून घेतो. तुम्हीही या, तुमच्यासमोरच बघू." त्यांना सोबत घेणं महत्त्वाचं आहे. अंगठा प्लायमध्ये रुतताना त्यांनी स्वतः पाहिला तर भावाची बोलणी वादाशिवाय होतात. आणि इसाराची चिठ्ठी अजून झाली नसेल तर ती आता करा: किती रक्कम दिली, काय तपासायचं ठरलं, मोठा दोष निघाला तर इसार परत, छोटा निघाला तर दुरुस्ती भावातून वजा. दोघांच्या सह्या घ्या. एवढं मागण्यात कमीपणा नाही. तुमच्या दोघांच्या आयुष्यभराच्या नोकरीचे पैसे आहेत ते.

दसऱ्याच्या मुहूर्ताचं दडपण घेऊ नका. काम तोवर झालं तर उत्तम. नाही झालं तर सोनं वाटा, आपट्याची पानं द्या, आणि ट्रेलर दिवाळीनंतर आणा. थंडीतच तर फिरायचंय, पेंच काय नि ताडोबा काय.

तपासणी पार पडली आणि ट्रेलर घेतलात, तर पहिली फेरी रामटेक-खिंडसीची करा. पन्नासेक किलोमीटर, घाट नाही, काही झालं तर शहर जवळ. निघण्याआधी दोन्ही चाकांच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरून घ्या, तीन वर्षांचं जुनं ग्रीस सुकलेलं असतं. कामठी ओलांडली की एकदा थांबा आणि हाताची पाठ दोन्ही हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, जवळ न्या. दोन्ही कोमट असतील तर पुढे चला. एक गरम आणि दुसरा गार असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय, तिथूनच परत फिरा. रामटेकला पोचल्यावर चाकांचे नट आणि पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट पान्याने पुन्हा आवळा, नव्या पाट्यांवर ते पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये हमखास थोडे ढिले होतात. तो पाना गाडीतच राहू द्या.